शेवटच्या घराचा दाब

शहराच्या एका भागाच्या पाण्याचं गणित संगणकावर चालवलं, त्याच्या निकालाच्या तक्त्यात एका ओळीत दाबाचा आकडा होता: उणे 38 मीटर.

पाणीपुरवठ्याच्या धंद्यातले आम्ही लोक दाब मीटरमध्ये मोजतो. एखाद्या जागी दाब 12 मीटर आहे म्हणजे तिथल्या पाइपावर उभी नळी लावली तर पाणी तिच्यात 12 मीटर चढेल. दाब शून्य म्हणजे पाइपात पाणी असेलही, पण ते तोटीपर्यंत चढणार नाही. आणि उणे 38? हे जगात कुठेच होत नाही. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा भार मिळून साधारण 10.3 मीटर पाण्याइतका. त्यापलीकडे पाणी ओढून ओढलं जात नाही, त्याची पाइपातच वाफ होऊन धार तुटते. म्हणून तर विहिरीच्या काठावर बसवलेला पंप फार खोलचं पाणी उचलत नाही. हे विहीर असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं, आमच्या संगणकाला मात्र नसतं. त्याने खाली निगेटिव्ह प्रेशरचा एक इशारा टाकला, आणि वरच्या रकान्यात त्या घरांना ठरलेलं सगळं पाणी मिळालं असं बिनदिक्कत लिहून दिलं.

यात त्याचा दोष नाही. आपण त्याला विचारलं होतं की इतकं पाणी जातच आहे असं धरलं तर दाब किती राहील? त्याने सांगितलं, उणे 38. म्हणजे सरळ भाषेत, इतकं पाणी जाऊ शकत नाही. पण हे तो सरळ भाषेत सांगत नाही, आणि आपण मिळालेल्या पाण्याचा रकाना पाहून पुढच्या पानावर जातो.

ही रीत जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या हार्डी क्रॉस यांनी 1936 साली पाइपांच्या जाळ्यांचं गणित हाताने सोडवायची पद्धत मांडली. जाळ्यातली वेटोळी धरायची, प्रवाहाचा एक अंदाज घ्यायचा, आणि चूक कमी होईपर्यंत तो दुरुस्त करत राहायचं. त्यात कुठल्या चौकात किती पाणी लागतं हे आधीच ठरलेलं असतं. ज्या शहरांत पाइप चोवीस तास भरलेले असतात तिथे ते रास्तही आहे. माणसाला हवं तेव्हा तो तोटी उघडतो, हवं तेवढं घेतो, बंद करतो. तिथे मागणी माणूस ठरवतो. पुढे संगणक आले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एपानेट हे सॉफ्टवेअर 1993 मध्ये आलं, ते फुकट होतं, आणि आज जगभरचे इंजिनिअर तेच वापरतात. मूळ गृहीत मात्र तेच राहिलं: आधी मागणी, मग दाब.

आता आमच्या वडोदऱ्याकडे या. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत पाणी ‘येतं’ आणि ‘जातं’. माझ्या लहानपणापासून हीच दोन क्रियापदं ऐकते आहे. पहाटे कोणीतरी गॅलरीतून ओरडतं, ‘आलं गं!’, आणि त्यानंतरचा काही वेळ घरातलं एकही माणूस रिकाम्या हाताने उभं दिसत नाही. पिंप, हंडे, हौद, वरची टाकी. पाण्याचा दुष्काळ आहे म्हणावं तर तसंही नाही. पावसाळ्यात या शहरात सकाळी दोनच आकडे विचारतात: आजव्याच्या सरोवराची पातळी किती फूट, आणि काळा घोडा पुलाखाली विश्वामित्री नदी किती फूट. 2024 च्या ऑगस्टमध्ये नदीने 35 फुटांची रेघ ओलांडली तेव्हा अर्धं शहर पाण्यात होतं आणि प्यायच्या पाण्यासाठी लोक बाटल्या शोधत होते. आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही, अशी आमची गंमत.

आजव्याचं सरोवर सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं, शहराच्या पूर्वेला विसेक किलोमीटरवर. त्याची भरलेली पातळी 214 फूट, म्हणजे सुमारे 65 मीटर. शहराची जमीन समुद्रसपाटीपासून पस्तीस-चाळीस मीटरवर. या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे पंचवीसेक मीटरची घसरण, आणि त्या काळच्या माणसांनी तेवढ्यावर, पंपाशिवाय, निव्वळ उतारावर शहराला पाणी आणलं. मला या वजाबाकीचं फार कौतुक वाटतं. वीस किलोमीटर पाइपात घर्षणाने किती मीटर जाणार, मग चौकातल्या नळाला काय उरणार, हा हिशोब त्यांनी हाताने केला असणार आणि तो जमला. नंतर शहर वाढलं, महीच्या पात्रात फ्रेंच विहिरी झाल्या. वाळूखाली आडव्या जाळीदार नळ्या पसरून त्यांतून झिरपलेलं पाणी गोळा करायचं. ठिकठिकाणी उंच टाक्या उभ्या राहिल्या. प्रत्येक टाकीखाली तिचा भाग, म्हणजे झोन, आणि प्रत्येक भागाची ठरलेली वेळ.

आणि वेळ ठरली की सगळं गणित फिरतं. हे जरा थांबून सांगायला हवं, कारण दाब कमी का असतो याचं उत्तर लोक ‘पाणी कमी आहे’ असं देतात, आणि बऱ्याचदा ते खरं नसतं.

आपल्याकडे शहराची पाइपलाइन आखताना माणशी रोज 135 लिटर धरतात. सगळे एकदम तोट्या उघडणार नाहीत, पण सकाळी गर्दी होणार, म्हणून दिवसाच्या सरासरीला एका आकड्याने गुणायचं. पन्नास हजारांपर्यंतच्या वस्तीला 3, दोन लाखांपर्यंत 2.5, त्यापुढे 2. पाइपांचे व्यास या हिशोबाने ठरतात. म्हणजे कागदावर आपण चोवीस तासांचं जाळं आखतो. ते जमिनीत पुरल्यावर मात्र दिवसाचं सगळं पाणी एका तासात सोडतो. एका तासात दिवसाचं पाणी म्हणजे सरासरीच्या 24 पट. अडीच पटीसाठी आखलेल्या पाइपातून 24 पट, म्हणजे साडेनऊ पटींहून जास्त प्रवाह. घर्षणाने जाणारा दाब प्रवाहाच्या 1.852 व्या घाताने वाढतो, तेव्हा साडेनऊ पट प्रवाहाला दाबाचं नुकसान होईल सुमारे 65 पट. जिथे 1 मीटर दाब जायला हवा तिथे 65 मीटर जाणार. टाकी तर वीस मीटर उंच आहे! माझे उणे 38 इथून आले होते.

त्यात जुना बिडाचा पाइप असेल तर विचारूच नका. आतून गंजाचे खडे धरून सहा इंची पाइप पाच इंचांचा झाला तर तो नुसता सहावा हिस्सा कमी वाहत नाही. तेवढ्याच दाबाला तो 62 टक्केच पाणी नेतो. खणलेल्या खड्ड्यात असा कापलेला तुकडा पाहिला की गोल भोकाच्या जागी लाल-तपकिरी, खडबडीत, वेडावाकडा डोळा दिसतो. त्यातून आख्ख्या गल्लीचं पाणी जात असतं.

तर मग प्रश्न उलटा विचारायला हवा. दाब इतका आहे, तर पाणी किती मिळेल? हा प्रश्न ज्यांनी लवकर आणि नीट विचारला त्यांत एक नाव आपलं आहे, आणि ते आपल्या लोकांना पुरेसं माहीत नाही याची मला खंत वाटते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. प्रमोद भावे यांनी 1981 मध्ये अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. पाणी अपुरं पडतं तेव्हा जाळ्यातल्या कुठल्या बिंदूला खरंच किती पाणी मिळतं, हे शोधायची पद्धत त्यात होती. ज्या गावांत पाणी अपुरं पडणं हा अपघात नसून रोजचा दिवस आहे, तिथल्या माणसाला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. पुढे त्यांनी आणि प्रा. राजेश गुप्ता यांनी यावर बरंच काम केलं. 1988 मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दाब आणि मिळणारं पाणी यांचा एक साधा वक्र मांडला, तो आज सगळे वापरतात. आणि एपानेटमध्ये ही सोय अधिकृतपणे आली 2020 साली, 2.2 या आवृत्तीत. भाव्यांच्या लेखानंतर जवळपास चाळीस वर्षं. मधल्या काळात आमच्यासारखे लोक प्रत्येक बिंदूला एक खोटी टाकी, एक एकतर्फी झडप अशा युक्त्या जोडून काम भागवत होते. झोन जरा मोठा झाला की त्या खोट्या टाक्यांचं जंगल व्हायचं आणि गणित मध्येच हात वर करायचं.

वॅग्नरच्या वक्राची गंमत बघा. समजा 12 मीटर दाबाला घराला पूर्ण पाणी मिळतं, दुमजली घरासाठी आपल्याकडे बरीच वर्षं तेवढा दाब धरत आले आहेत. दाब पाव झाला, म्हणजे 3 मीटर, तर पाणी पाव होत नाही, निम्मं मिळतं. पाऊण मीटर दाबालाही चौथा हिस्सा येतो. वर्गमुळाचा खेळ आहे. म्हणून कमी दाबाचं घर लगेच कोरडं पडत नाही. तिथे बारीक धार लागते, आणि धार लागलेली आहे तोवर त्या घराची तक्रार कोणी तक्रार मानत नाही. ‘पाणी तर येतंय की!’

तोच झोन मी या नव्या पद्धतीने चालवला तेव्हा उणे आकडे गायब झाले. दाब खाली गेला, म्हणून पाणी कमी निघालं, पाणी कमी निघालं म्हणून घर्षण कमी, म्हणून दाब थोडा सावरला. असं दोघांनी एकमेकांना सांभाळत कुठेतरी मुक्काम केला. एकूण पाणी मागणीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. बैठकीत एकाने म्हटलंही, ‘मग तसं वाईट नाही.’ एकूण बघितलं तर नाहीच. पण पंगतीत श्रीखंड दोन तृतीयांशच केलं असेल तर प्रत्येकाच्या पानात दोन तृतीयांश वाटी पडते का? वाढपी जिथून सुरू करतो तिथे आग्रह होतो, आणि शेवटच्या पानांवर भांडं खरवडल्याचा आवाज येतो. टाकीजवळच्या घरांना पूर्ण पाणी होतं. सगळी तूट शेपटाच्या गल्ल्यांवर येऊन बसली होती.

इथवर मी खूश होते. पण या वक्रातही एक सभ्य माणूस गृहीत धरलेला आहे, जो आपल्या वाट्याचं पाणी घेतो आणि थांबतो. चावीवाल्याबरोबर पहाटे फिरलं की तो माणूस कुठे दिसत नाही.

आमच्या भागातला चावीवाला मराठी आहे, बोलतो मात्र निम्मं गुजराती. लांब टी-चावी खांद्यावर, कमरेला पान्हा. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा हे त्याच्या हाताला ठाऊक. ‘ताई, हा पूर्ण उघडायचा नाही. पूर्ण उघडला की खालच्या पोळीत बोंब होते. सहा आटे. सात नाही.’ पोळ म्हणजे गल्ली. ही सहा आट्यांची गोष्ट आमच्या कुठल्याही नकाशात नाही. नकाशात तो व्हॉल्व्ह ‘उघडा’ आहे.

गल्लीच्या टोकाच्या घरी मी ओट्यावरच्या नळाला प्रेशर गेज लावलं. आधी हवा आली. फुसफुस, मग खोकल्यासारखा एक गचका, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. काटा थरथरत 0.3 वर टेकला. 0.3 किलो, म्हणजे 3 मीटर, म्हणजे वक्राप्रमाणे निम्मं पाणी. मी वहीत लिहिते आहे तोच शेजारच्या घरातून घुर्रर्र आवाज आला, आणि काटा सरळ शून्याच्या खिळ्यावर जाऊन पडला. तोटीची धार आत गेली. गेली म्हणजे खरंच आत गेली. बोट लावलं तर तोटी बोटाला ओढत होती. साध्या गेजला शून्याखाली दाखवता येत नाही, त्यामुळे किती खाली गेला ते वहीत आलं नाही.

‘लागली त्यांची मोटर,’ काकू म्हणाल्या, बादली सरकवत. आवाजात राग नव्हता.

‘तुम्ही नाही लावत?’

‘लावतो ना. पण आमची अर्ध्या हॉर्सपॉवरची आहे, त्यांची एकची. मग आम्ही ते थांबेपर्यंत चहा करतो.’

लाइनीला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, आणि मोटर सगळ्यांकडे आहे. पहिल्याने लावली की दुसऱ्याला लावावीच लागते. गणितात ही मोटर कशी घालायची? ‘मागणी’ म्हणून घातली तर उणे 38 पुन्हा हजर. पंप म्हणून घालायची तर प्रत्येक घराची वेगळी, आणि ती किती वाजता सुरू होते हे शेजारणीच्या कानावर अवलंबून.

शिवाय घराला लागतं किती हा प्रश्नच इथे गळून पडतो. पाणी तासभरच येणार असेल तर घर आपली गरज मागत नाही, घर आपली भांडी भरतं. हौद हजार लिटरचा असेल तर हजार लिटर. बॉलकॉक नीट असेल तर हौद भरला की पाणी बंद होतं आणि दाब पुढच्या घराकडे सरकतो. बॉलकॉक नसेल तर पाणी अंगणात, मग स्कूटरवर, मग रस्त्यावर. म्हणजे टोकाच्या काकूंना खरं पाणी मिळतं ते टाकीजवळच्यांचे हौद भरल्यानंतर, वेळ संपायला थोडका अवधी उरलेला असताना. त्यांचा दिवस पुढच्या पन्नास घरांच्या बॉलकॉकांवर ठरतो. मला हे कळल्यापासून नव्या योजनेत मोठ्या पाइपाची मागणी आली की मी आधी विचारते, टाकीजवळच्या घरांना बॉलकॉक आहेत का? लोक हसतात. बॉलकॉकाचं उद्घाटन करता येत नाही, हे मलाही कळतं.

आणखी एक गोष्ट आमच्या नेहमीच्या गणिताला दिसतच नाही, ती म्हणजे रिकामा पाइप. एपानेट धरतं की पाइप कायम भरलेले आहेत. इथे तर रोज ते रिकामे होतात आणि रोज भरतात. पहिली काही मिनिटं पाणी घराकडे जातच नाही, ते हवेला बाहेर ढकलत असतं. मीटर असेल तर तो त्या हवेवरही फिरतो आणि माणूस फुसफुशीचे पैसे भरतो. भरत जाणाऱ्या पाइपाचं गणित करायला काही संशोधकांनी पावसाच्या पाण्याच्या गटारांसाठी बनवलेलं एक सॉफ्टवेअर घेतलं, एसडब्ल्यूएमएम नावाचं. गटारं मुळातच कधी रिकामी, कधी अर्धी, कधी तुडुंब असतात, त्यामुळे त्याला ते जमतं. प्यायच्या पाण्याची लाइन समजून घ्यायला गटाराचं सॉफ्टवेअर घ्यावं लागावं, यावर ऑफिसात बरेच विनोद होतात.

विनोद फार वेळ टिकत नाहीत, कारण जमिनीत पाण्याची लाइन आणि गटाराची लाइन शेजारी-शेजारीच असतात. त्या तोटीने माझं बोट ओढलं तेव्हा तीच ओढ पाइपाच्या प्रत्येक सांध्याला, प्रत्येक भेगेला लागलेली होती. दाब असताना भेगेतून पाणी बाहेर जातं, ओढ लागली की भेगेबाहेरचं जे काही असेल ते आत येतं. पाणी गेल्यावर रिकाम्या पाइपातही तेच. कमी दाब ही नुसती गैरसोय नाही, हे मी लेखी अहवालात मांडते तेव्हा ते नेहमी परिशिष्टात जातं.

चोवीस तास पुरवठा केला तर यातलं बरंच आपोआप मिटतं. हौद नको, मोटर नको, पाइप रिकामा नाही, आणि गुणक पुन्हा 24 वरून अडीचवर. हे बोलायला सोपं आहे. फुटलेल्या लाइनीत चोवीस तास दाब ठेवला तर गळतीही चोवीस तास. आधी गळती काढा, मीटर बसवा, छोटे झोन करा, मग दाब द्या. हा क्रम ज्यांनी पाळला त्यांना जमलं. मधली वर्षं काय करायचं, यावर मात्र कोणी फार बोलत नाही, आणि बहुतेक गावं त्या मधल्या वर्षांतच राहतात.

सध्या ऑफिसात वाद चालू आहे तो एका रकान्याचा. अहवालाच्या पहिल्या पानावर झोनची सरासरी जाते: माणशी इतके लिटर, दाब सरासरी इतका. मी म्हणते, सरासरीच्या शेजारी सगळ्यात कमी पाणी मिळणाऱ्या दहा टक्के घरांचा आकडा लावा, आणि तो दाबावरून काढलेला असू द्या, मागणीवरून नव्हे. वरिष्ठांचं म्हणणं, तो आकडा पाहिला की मंजुरी देणारे घाबरतात, योजना अडते. त्यांचं अगदीच चूक नाही. अडलेल्या योजनेने काकूंची बादलीही भरत नाही. तरी या वेळच्या मसुद्यात मी तो रकाना घातला आहे, आणि व्हॉल्व्हपुढे ‘उघडा’ असं न लिहिता ‘सहा आटे’ असं लिहिलं आहे. तपासणीला गेलेल्या प्रतीवर त्यापुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह आलं आहे. सोमवारी त्यावर बसायचं आहे. चावीवाल्याला बैठकीला बोलावता येईल का, हे मी विचारून ठेवलं आहे.